भागूबाईचे 'हे'

"शेट, आमच्या ह्यांना आवंदा लई कीड लागलीया. काय भाव देता?"

भागूबाई पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढली ती हे वाक्य बोलत. वडील जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी जुन्नरच्या पेठेतल्या आमच्या गादीवर नवा नवा बसायला लागलो होतो. समोर एक उंचनिंच बाई डोक्यावरचं पोतं धपकन खाली टाकते आणि कीड लागलेल्या नवऱ्याचा भाव विचारते! मला घाम फुटला. मी म्हणालो, "बाई, त्यांना वैद्याकडे न्या. माझ्याकडे मीठ-मिरची मिळते."

तिने मला असं न्याहाळलं, की माझ्या वडिलांविषयी तिला फार वाईट वाटत असावं. मग पोत्याचं तोंड सोडून मूठभर हिरडे माझ्यासमोर ओतले. "ह्ये! ह्यांचं इचारते मी!"

दुपारी जेवताना बायकोला हे सांगितलं, तर तिला हसू आवरेना. "अहो, तिच्या मालकाचं नाव हिरोजी आहे. ती हिरडा कसा म्हणेल?"

आता हे खरं, की त्या काळी नवऱ्याचं नाव कुठलीच बायको घेत नसे. आमची मंडळी आजोबांच्या वेळी मारवाडातून इकडे आली, घरात मराठी बोलायला लागली, पण ही रीत दोन्हीकडे एकच. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या बायकोने मला जन्मभर 'अहो' म्हटलं आणि फार राग आला तर 'अहो ऐकलंत का' म्हटलं. पण इतर बायका नावापाशी थांबत. भागूबाई थांबत नव्हती. 'हिर' ही दोन अक्षरं ज्या शब्दात असतील तो शब्दच तिने जिभेवरून हद्दपार केला होता.

आणि नशीब बघा, तिचा व्यापार कशाचा, तर हिरड्याचा! घाटघरपासून आंबेगावच्या डोंगरापर्यंत रानातल्या बायकांकडून हिरडा गोळा करायचा, वाळवायचा आणि पेठेत आणून विकायचा. बाळहिरड्याला ती 'बाळ ह्ये' म्हणायची, मोठ्याला 'थोरलं ह्ये'. एकदा मुंबईचा दलाल माझ्या दुकानात बसला होता. भागूबाई त्याला ठासून सांगत होती, "आमच्या ह्यांना मी चांगलं उन्हात पसरते, वरचेवर उलथंपालथं करते. पार खडखडीत झाल्याबिगर पोत्यात भरत न्हाई." ती गेल्यावर दलाल माझ्या कानाशी लागला. "शेठ, पोलिसात कळवायला नको का?"

हिरव्या रंगाला ती 'पानाचा रंग' म्हणे. हिरव्या मिरचीला 'कवळी मिरची'. एकदा तिच्या हिरड्या सुजल्या, तेव्हा वैद्यबुवांपुढे तोंड वासून तिने सांगितलं, "दात ज्या गादीवर बसत्यात, ती गादी फुगलीया." वैद्यबुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "शेठ, ही गादी तुमची का हो?"

आणि विहीर? आमच्याकडे विहिरीला 'हीर' म्हणतात. म्हणजे तोही शब्द बाद. एका दुपारी भागूबाई माझ्या दारात ओरडत आली, "शेट, वासरू पडलं! पान्याच्या खड्ड्यात पडलं!" आम्ही सगळे धावलो ते ओढ्याकडे, कारण पाण्याचा खड्डा म्हणजे ओढ्यातला डोह. ती मागून ओरडते आहे, "तिकडं न्हाई वो! बांधल्याला खड्डा! रहाट हाय तो खड्डा!" आम्ही परत फिरून आमच्या घरामागच्या विहिरीवर येईपर्यंत भागूबाई कासोटा मारून, दोराला धरून खाली उतरलीसुद्धा होती. वासराला मिठी मारून गळ्याएवढ्या पाण्यात उभी. वर काढल्यावर मी संतापून म्हणालो, "अहो, विहीर म्हणायला काय झालं होतं? एक शब्द!" लुगडं पिळत ती म्हणाली, "वासरू तुमचं, शेट. नवरा माजा हाय."

 त्या दिवसापासून मी या बाईपुढे मनातल्या मनात हात जोडले.

लग्नात उखाण्यात नाव घ्यायची मुभा असते, तिथेही तिने घेतलं नव्हतं म्हणे. सासरच्या दारात नणंदांनी वाट अडवली, नाव घे म्हणून हटून बसल्या. नवरी उंबऱ्याबाहेर बसून राहिली. शेवटी नणंदा पेंगायला लागल्या तेव्हा उठून गोठ्याच्या दाराने घरात गेली. नाव न घेता घरात शिरलेली सून आमच्या पंचक्रोशीत ती एकटीच.

या हिरोजीला मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या वेळीच तो नाणेघाट उतरून मुंबईला गेला आणि तिथून बोटीत बसला. आमच्या जुन्नरच्या कागदी मोहल्ल्यातले दाऊदशेठ, त्यांचा भाऊ कासिमभाई आफ्रिकेत डर्बनला कापडाचं दुकान चालवत होता. तिथे गठ्ठे वाहायला आणि दुकान राखायला म्हणून हिरोजी गेला. त्या मुलखाचं नाव नाताळ. आता एवढं नाव कुणी वाईट ठेवावं! 'भागूबाईचा नवरा नाताळात गेला' ही बातमी राजुरीपर्यंत पोचेपोचेतो हिरोजी किरिस्ताव झाला, त्याने मड्डमिणीशी लग्न केलं, असंही झालं. एक जण तर भागूबाईला विचारायला आला, "मग नाताळ संपला तरी तो परत का येत न्हाई?" भागूबाईने त्याला दोन शब्दांत वाटेला लावलं. ते दोन शब्द 'हिर'ने सुरू होत नसल्यामुळे तिला बोलायला अडचण आली नाही.

हिरोजी पैसे पाठवी, निरोप पाठवी, मी गादीवर बसायच्या आधी एकदा येऊनही गेला. मग वर्षांमागून वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. भागूबाई डोंगर चढत होती, उतरत होती, आणि रोज पेठेत 'आमच्या ह्यांचा' भाव करत होती. आम्हाला हसू येई. मला तरी तेव्हा कळलं नाही, की दिवसाकाठी इतक्या वेळा नवऱ्याचा विषय काढायला तिला दुसरी सबब नव्हती.

मग एक दिवस दाऊदशेठ माझ्या दुकानात आले, भागूबाईला बसवून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "बहीण, हिरोजीची नजर अधू झालीय. एक डोळा गेला, दुसऱ्याचाही भरवसा नाही. कासिमनं इकडं पाठवतो म्हटलं, तर नको म्हणतो. म्हणतो, आंधळा होऊन तिच्या डोक्यावर बसायला कशाला जाऊ? तिला म्हणावं, माझी वाट बघू नको."

 भागूबाई पदर खोचत म्हणाली, "आसं म्हनत्यात व्हय? मग मी जाते आन् घिऊन येते."

घोडेगावला जाऊन येते म्हणावं, तसं.

दाऊदशेठने कपाळाला हात लावला. तिकडे आता कुणालाही बोटीतून उतरू देत नाहीत म्हणाले. हिंदुस्थानातून माणसं फार येतात म्हणून गोऱ्यांनी कायदे कडक केलेत. कायमचं राहायला जायचं तर शंभर भानगडी. पण भेटीपुरता एक पास मिळतो. थोड्या दिवसांच्या बोलीवर, पाहुणी म्हणून जायचं आणि मुदत संपली की निघायचं.

"पावनी?" भागूबाई ताडकन उठली. "नवऱ्याच्या घरी मी पावनी?"

"कागदावर, बहीण. फक्त कागदावर."

"कागदावर तरी का म्हनून?"

तिची समजूत घालता घालता आम्ही दोघे दमलो. शेवटी 'पाहुणी जाते, मालकीण येते' असं काहीतरी मी बोललो, ते तिला पटलं. पण खरी अडचण पुढेच होती. तिकडचं पोर्ट ऑफिस बायको खरी की खोटी ते पारखून घेई. म्हणून इकडच्या कचेरीत बाईने स्वतः हजर राहायचं आणि शपथेवर, स्वतःच्या तोंडाने, आपल्या नवऱ्याचं नाव सांगायचं. दुसऱ्या कुणी सांगितलेलं चालायचं नाही.

मी आणि दाऊदशेठ एकमेकांकडे बघत राहिलो.

"त्येचं मी बघते," भागूबाई म्हणाली. "नाव न घेता नाव सांगता येतं."

आणि ती खरंच एकटी कचेरीत गेली. तिथे काय घडलं ते मला नंतर कारकुनानेच सांगितलं. कारकून होता निरगुडसरचा, चांगला घरंदाज माणूस. त्याने विचारलं, नवऱ्याचं नाव? भागूबाईने कमरेचा हिरडा काढून टेबलावर ठेवला. तो म्हणाला, हिरडा? ती म्हणाली, निम्मा घ्या. त्याने हिरड्याचे दोन तुकडे करायला अडकित्ता शोधला. ती म्हणाली, तसं न्हवं! झाडाच्या पानाचा रंग कोन्ता? हिरवा. हां, त्यातलं घ्या! आन् फुडं, थोरामोठ्याला मान देताना नावाला काय लावता? जी. हां, लावा आता! आणि आपलं काम फत्ते झालं म्हणून बाई हसत घरी आली. येताना माझ्या बायकोला बत्तासेही देऊन गेली.

कारकुनाने लिहिलं होतं, 'हिरवाजी'.

तो अर्ज समुद्र ओलांडून गेला आणि कित्येक महिन्यांनी समुद्र ओलांडून परत आला. अर्जात लिहिलेल्या 'हिरवाजी' नावाचा कुणी इसम त्या दुकानात राहत नाही, सबब बाईचा दावा संशयास्पद आहे. झालं! आणि त्याच टपालाने कासिमभाईचा निरोप आला, की हिरोजीचा दुसरा डोळाही गेला. तो आता दिवसभर दुकानामागे भिंतीकडे तोंड करून बसतो, धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. कासिमभाई स्वतः थोड्या दिवसांसाठी जुन्नरला येत होता. परत जाताना आपल्या बायकोच्या सोबतीने भागूबाईला नेईन, पण तोवर पास हातात हवा, असं त्याने कळवलं होतं.

मी रागावलो. साफ रागावलो. "भागूबाई, आता पुरे झालं. तो माणूस तिकडे भिंतीशी बसलाय आणि तुम्ही इकडे हिरड्याचे तुकडे करताय! एकदा घ्या नाव आणि मोकळ्या व्हा."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्येंची तब्येत चांगली आसती, तर एकादं वर्स कमी झालं तरी चाललं आसतं, शेट. आता त्येंच्याजवळ किती हाय ते मला काय ठाव? मी नाव घेतलं आन् व्हतं न्हवतं त्येबी गेलं, तर? मी बोटीत आन् ते..."  माझा राग कुठच्या कुठे गेला.

अर्ज संशयास्पद ठरल्यामुळे या वेळी कारकुनापुढे भागेना. दौऱ्यावर आलेल्या गोऱ्या साहेबापुढेच उभं राहायचं होतं. त्याचा तंबू गावाबाहेर आमराईत लागला होता. मी आणि दाऊदशेठ साक्षीला गेलो. साहेब तरुण, लालबुंद, चांगला माणूस दिसत होता, पण कायद्याचा पक्का. शेजारी तोच निरगुडसरचा कारकून दुभाषी म्हणून उभा.

साहेबाने विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

भागूबाई जमिनीकडे बघत उभी.

साहेबाने पुन्हा विचारलं. मग कारकुनाकडे वळून इंग्रजीत काही बोलला. कारकून चाचरत म्हणाला, "साहेब म्हणतात, खरी बायको असती तर नवऱ्याचं नाव तिला माहीत नसतं का?"

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "साहेबांना सांगा, खरी बायको आहे म्हणूनच ती सांगत नाही. खोटी असती तर केव्हाच फडाफडा बोलून गेली असती!" कारकुनाने ते सांगितलं. साहेबाला वाटलं, मारवाडी चावटपणा करतोय. त्याने मला गप्प बसायची खूण केली आणि कागद बाजूला सारायला हात लावला. दाऊदशेठने डोळे मिटले. आता संपलं, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात तंबूच्या आतून गोड आवाजात हाक आली, "चार्ली! ओ चार्ली!"

साहेबाने मान वळवून काहीतरी उत्तर दिलं. भागूबाईने मान वर केली आणि मला कुजबुजत विचारलं, "शेट, ती कोन?"

"साहेबांची मड्डम."

"आन् चारली कोन?"

"हेच. साहेब."

"नावानं हाक मारती?" तिचे डोळे विस्फारले. "घरधन्याला?"

"त्यांच्यात तशीच पद्धत आहे."

"रोज?"

"रोजच मारत असणार. दिवसातून दहादा."

भागूबाई साहेबाकडे बघायला लागली. बघणं म्हणजे, बाजारात बैल घेताना बघावं तसं. आधी तोंड, मग खांदे, मग हात, मग बूट. साहेब बिचारा खुर्चीत अवघडला, कोटाची बटणं चाचपायला लागला. सगळं बघून झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "धडधाकट हाय की वो!"

"आहेच मुळी," मी म्हणालो.

"ह्याला काय बी झालं न्हाई."

"काहीही नाही."

तिने लांब श्वास घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे मिटले, हात जोडले आणि ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही. साहेब म्हणाला, मोठ्याने. तिने पुन्हा ओठ हलवले. या वेळी मी ऐकलं, दाऊदशेठने ऐकलं, कारकुनाने ऐकलं. डोंगर चढताना जिला कधी दम लागलेला मी पाहिला नाही, तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. साहेबानेही ते पाहिलं असावं. त्याने आणखी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. टाक घेतला, सही केली, आणि उठून उभा राहिला. बाईमाणसापुढे गोरे उठून उभे राहतात हे मी ऐकून होतो. जुन्नरच्या हिरडेवालीपुढे उठलेला मी तो एकच बघितला.

बाहेर आल्यावर भागूबाई एका आंब्याच्या बुंध्याशी मटकन बसली. "शेट, नाताळ लई लांब हाय न्हवं?"

"फार लांब. मधे अख्खा समुद्र आहे."

"मंग तितवर ऐकू गेलं नसंल?"

"नाही हो, भागूबाई. कसं जाईल?"

ती थोडा वेळ पदराने वारा घेत राहिली. मग एकदम लाजली. होय, भागूबाई लाजली! मान खाली घालून म्हणाली, "नाव चांगलं हाय, न्हाई? तोंडात धरल्यावर कळलं."

मी खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. दाऊदशेठ तर केव्हाच पाठ फिरवून उभे होते.

पास वेळेवर आला. कासिमभाई आणि त्याच्या बायकोबरोबर भागूबाई निघाली. घाटघरपर्यंत तिला पोचवायला रानातल्या बायका आल्या होत्या. त्यांना ती शेवटपर्यंत हुकूम सोडत होती, 'आमच्या ह्यांना' ओल लागू देऊ नका म्हणून. मग नाणेघाटाच्या तोंडाशी तिने एकदा वळून पाहिलं आणि भराभरा उतरू लागली. 

पुढचं मला कासिमभाईने सांगितलं, तो मालाच्या कामाने लगेचच परत आला तेव्हा. भागूबाई येते आहे हे त्याने हिरोजीला मुद्दामच कळवलं नव्हतं. तो काही तरी हट्ट धरून बसेल, अशी भीती. मालक येतायत, धक्क्यावर चल, एवढंच सांगून दुकानातल्या माणसाने त्याला हाताला धरून आणून उभं केलं होतं. उतारूंना दोरापलीकडे थांबवलेलं. पास तपासायचे चालले होते. गर्दीत भागूबाईला तो दिसला. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान खाली घालून उभा होता म्हणे. केस पार पांढरे.

तिने हाक मारली, "अहो!"

धक्क्यावरचे झाडून सारे पुरुष वळले. ज्यांना मराठी येत होतं ते वळले आणि ज्यांना येत नव्हतं तेही वळले. अशी हाक बायकोचीच असते, हे कुठल्याही भाषेत कळतं. एक हिरोजी तेवढा वळला नाही. त्याने मान जरा वर केली आणि पुन्हा खाली घातली. 'अहो' कुणीही कुणालाही म्हणतं. त्याला तिथे कोण हाक मारणार होतं?

भागूबाईने पुन्हा हाक मारली. पुन्हा सगळे वळले, तो सोडून.

मग, कासिमभाई सांगत होता, बाईने दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला आणि उभ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "हिरोजी! आवो हिरोजी!"

त्याच्या हातातली काठी गळून पडली. चाचपडत, माणसांवर आपटत तो आवाजाच्या दिशेने आला. दुकानातला माणूस मागे धावतोय, पोलीस शिपाई 'थांब थांब' म्हणतोय. दोरापाशी आल्यावर तिचे हात त्याच्या हाताला लागले. त्याने ते बोट न् बोट चाचपून पाहिले. मग तिच्यावर डाफरला, "भागे! चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतीस? लाज न्हाई वाटत?"

ती हसत होती की रडत होती, ते कासिमभाईला सांगता येईना. हिरोजी मात्र रडत होता. थोड्या वेळाने तो तिच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "घरी गेल्यावर परत घे."

तेही कासिमभाईने ऐकलं. पासाची मुदत संपायच्या आत, त्याच्या मागच्याच बोटीने दोघं इकडे यायला निघणार होते.